अर्धलीची पाट

टाकळी, भाऊबीज, १९८६

सगुणाच्या बाबांना,

इकडून चतुराचा नमस्कार. तुम्ही कारखान्यावर पोचलात, पाचटाची कोपी बांधून झाली, ऊसतोड सुरू झाली, हे सगळं मला आप्पासाहेबांच्या गड्याकडून कळलं. म्हणजे घरच्या माणसाची खबर परक्याच्या तोंडून. असू द्या.

हे पत्र बद्रीभावजी वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तर भावजी, आधी तुम्हालाच सांगते. जिथं मी 'हळू वाचा' असं लिहीन तिथं हळू वाचायचं. सगळ्या टोळीला तमाशा दाखवायचा नाही. आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तुमची सवय मला चांगली माहीत आहे, तुमच्या लक्ष्मीलाही विचारा.

तर सगुणाचे बाबा, ट्रक सुटताना तुम्ही मागं वळून पाहिलं नाही. मी पाणंदीच्या तोंडाशी उभी होते, सगुणा हात हलवत होती. निदान पोरीसाठी तरी मान वळवायची होती. तुमच्यासाठी बांधलेलं भाकरीचं फडकं खुंटीलाच राहिलं. घरात येऊन पाहते तर ते तिथंच. लई राग आला. त्यातली एक भाकरी मी काजळीला घातली, बाकीच्या मी आणि सगुणानं खाल्ल्या. रडतबिडत नाही, भूक लागली होती म्हणून.

नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, हे मलाही कळतं. सगळी टोळी तुम्हाला 'अर्धा, अर्धा' म्हणून चिडवत असेल, तेही कळतं. पण मी तरी काय करायचं होतं? काजळी गाभण आहे. पोटुशी शेळी उसाच्या ट्रकात घालून नगरकडं न्यायची? का बिल्किसभाभीला म्हणायचं, घे बाई तुझी शेळी परत, आमचे मालक रुसलेत?

भाभीनं मला ती विश्वासानं दिली आहे. खुलताबादेत दुकानाच्या मागं तिला जागा नाही, म्हणून अर्धलीनं दिली. शेळी तिची, राखण माझी, दूध माझं, करडं निम्मीनिम्मी. करडं दुधावरून सुटली की वाटे मी करायचे आणि आधी उचलायचा तिनं. वाटे करणारीला आधी उचलता येत नाही, म्हणून ती वाटे सरळ करते. ही रीत तुमच्या आईच्या वेळेपासूनची आहे, मी काही नवीन काढली नाही.

तुम्ही म्हणालात, "शेळीच्या शेपटीला धरून कोण तरलंय?" मी पुन्हा सांगते, नीट ऐका. मला एक पाट पाहिजे. माझ्या वाट्याची, माझ्या दारातली. बोकड विकून संपतो, पाट मोठी होऊन वेते, आणि तिची करडं कुणाला वाटून द्यावी लागत नाहीत. दारात आपल्या मालकीच्या चार शेळ्या झाल्या की दसऱ्याला ट्रकची वाट बघायला नको. आपली सगुणा तिसरीत आहे, पण एकदाही तिनं वर्षाची परीक्षा दिली नाही. दसरा झाला की पाचटात. उसाच्या फडात तिनं काय शिकायचं, मोळी बांधायला?

(भावजी, हे हळू वाचा.) तुमच्या खोकल्याचं कसं आहे? रात्री कानाला फडकं बांधत जा. मी विचारलं म्हणून विचारलं, याचा अर्थ राग गेला असा नाही.

तुमची चतुरा

टाकळी, चंपाषष्ठी

सगुणाच्या बाबांना,

काजळी व्याली! दोन करडं. एक बोकड आणि एक पाट. दोघं आईसारखी काळीकुट्ट, पाटीच्या कानांवर तेवढे पांढरे ठिपके. बोकड लगेच उभा राहून लाथा झाडायला लागला, तुमच्यावर गेला आहे. पाट अंगानं बारीक, पण डोळे बघा तिचे! सगुणा त्या दिवशी शाळेत गेलीच नाही, आणि मीही तिला रागावले नाही.

काजळीनं लई त्रास काढला. बोकड आडवा आला होता. दगडाबाई सुईणीला बोलावलं तर ती आधी फणकारली, "मी बायांची सुईण हाय, बकऱ्यांची नाय." मग आली, बाह्या सारल्या आणि मोकळीही केली. जाताना म्हणते, "बायांपरीस ही बरी, शिव्या तर देत नाय." चिकाचा खरवस तिच्या घरी पाठवला. कितीतरी वर्षांनी आपल्या घरातून कुणाच्या घरी काहीतरी गेलं. नाहीतर आपलं भांडं नेहमी दुसऱ्याच्या दारात.

आता मुद्द्याचं. बारशाला यावं तसा दुसऱ्या दिवशी सांडूबाबा आला. म्हसोबाच्या निंबाखाली बसणारा माणूस कधी कुणाच्या दारात येत नाही, म्हणून मला वाटलं करडं बघायला आला. त्यानं बोकडाला उचललं, कनवटीची कात्री काढली आणि कानाला खाच पाडली. मी ओरडले तर म्हणतो, "ओरडतीस काय? हा देवाचा हाय. पुंजारामनं बोलून ठेवलाय, पहिला बोकड म्हसोबाला."

अहो, तुम्ही जाण्याच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन निंबाकडं गेलात, ते यासाठी? काय मागितलंत म्हणून सांडूबाबाला विचारलं, तर त्याला माहीत नाही. म्हणाला, मागणं मनात मागायचं असतं, मी फक्त बोकडाचं ऐकलं.

आता तुम्हीच सांगा, हा घोळ मी कसा निस्तरायचा. बोकड तुमचा नव्हता. माझाही नव्हता. अजून वाटे झाले नव्हते, तो तर जन्मालाही आला नव्हता! अर्धलीच्या शेळीच्या पोटातल्या करडावर नवस बोलणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकटे तुम्ही असाल.

आणि भाभीला पाहिजे होता बोकडच. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, बोकड झाला तर मी नेईन, येत्या ईदला नाही तर त्याच्या पुढच्या ईदला वर्षाचा होईल, कुर्बानीला बाजारात फिरायला नको. सगळं किती सरळ बसत होतं! बोकड तिला, पाट मला. आता कानाची खाच बारीक आहे, ती एक चालेल; पण दुसऱ्याच्या देवाला बोललेला बोकड ती कुर्बानीला कसा घेईल? ती पाटच उचलणार. आणि माझ्या वाट्याला येणार म्हसोबाचा बोकड, जो एका दुपारी गाव जेवून उठेल.

म्हणून एकच विचारते. तुम्ही देवाकडं काय मागितलं? खरं सांगा. मागितलेलं झालं नसेल तर नवस सुटतो, असं सांडूबाबा म्हणतो. देवानं आपलं काम केलं नाही तर माणसावर बंधन नाही. मग बोकड मोकळा होतो, आणि माझी पाट वाचते.

पत्राचं उत्तर द्या. भावजींना दोन ओळी लिहायला सांगा.

तुमची चतुरा

टाकळी, संक्रांतीचा दुसरा दिवस

सगुणाच्या बाबांना,

तिळगूळ घ्या, आणि काय बोलायचं ते बोला, पण बोला तरी.

तुमचं उत्तर नाही. पोस्टमन सायकलवरून येतो, मी कुडाशी उभी राहते, तो मान हलवतो आणि पुढं जातो. आता तर तो लांबूनच मान हलवायला लागला आहे.

इकडची खबर अशी. दिवसा मी आप्पासाहेबांच्या शेतात कापूस वेचते. काजळी आणि करडं बांधाला बांधलेली असतात. आप्पासाहेब आधी कुरकुरले, मग त्यांनी लेंड्यांचा ढीग पाहिला. आता आपलं लेंडीखत त्यांच्या मळ्यात जातं आणि त्यांच्या तुरीचं भुसकट आपल्या दारात येतं. कुणी कुणावर उपकार करत नाही. दूध सगुणापुरतं आणि चहापुरतं होतं. घरात आलेल्या माणसाला मी आता काळा चहा देत नाही.

मधे थंडीनं पाट आजारी पडली. नाक वाहायचं, मान टाकायची. मी तुमचा तो जुना खाकी सदरा तिला घातला, पुढच्या पायांना बाह्या बरोबर आल्या. शेकलं, ओव्याची धुरी दिली, चुलीपाशी निजवलं. आता बरी आहे. सदरा काढू देत नाही, काढला की ओरडते. सगुणा तिला 'मुकादम' म्हणते.

मुकादमावरून आठवलं. खरा मुकादमही येऊन गेला. म्हणाला, बाई, अजून येत असशील तर चल, जोडी पुरी होईल, नवऱ्याचे हाल बघवत नाहीत. मी म्हणलं, काय हाल? तर म्हणतो, ऊस तोडायचा त्यानंच, मोळीही बांधायची त्यानंच, आणि संध्याकाळी स्वतःच भाकरी थापतो, त्या जळतात. (भावजी, हे हळू वाचा.) हे ऐकून रात्रीचं जेवण गेलं नाही. पण मी गेले नाही. कुडाच्या पलीकडं शेजारणी कान लावून उभ्या होत्या. एक म्हणाली, नवरा वाऱ्यावर सोडला आणि शेळीचं बाळंतपण करत बसली. मी ऐकून घेतलं. नेहमी ऐकून घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

परवा बाजाराच्या दिवशी खुलताबादला गेले आणि बिल्किसभाभीला सगळं सांगितलं. लपवून काय करणार, बोकडाचा कानच सांगतो. ती कपाळाला हात लावून बसली. "तौबा! चतुरा, तुझा मालक भी अजब हाय. पोटातलं करडू कोन मन्नत मानतं?" तिचे मालक वहाबभाई दुकानातून हसत होते. मग भाभी म्हणाली, "हे बघ, होळीपर्यंत करडं दूध सोडतील. तवा मी येते. रीत म्हंजे रीत. तू वाटे कर, मी उचलीन. त्याच्या आधी तुझ्या मालकाकडून साफ करून घे."

तिचं काही चुकत नाही. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आता मी माझ्या मनातलं सांगते. तुम्ही काय मागितलं ते मला कळलं आहे. तुम्ही रागात होता. तुम्ही म्हणाला असाल, हिला अक्कल येऊ दे, ही शेळीचा नाद सोडून माझ्यासंगं ऊसतोडीला येऊ दे, तुला पहिला बोकड देतो. दुसरं काय मागणार? सांगायची लाज वाटत असेल तर वाटू देऊ नका. मला राग नाही. खरंच नाही. मी तर म्हणते, लई चांगलं केलं. मी आले नाही, तुमचं मागणं फळलं नाही, नवस सुटला, बोकड मोकळा झाला. एवढंच भावजींकडून लिहून पाठवा. मी ते सांडूबाबाला वाचून दाखवते, भाभी बोकड नेते, आणि पाट माझी राहते.

आयुष्यात एकदा तरी तुमचा राग माझ्या कामी येऊ द्या.

सगुणा रोज शाळेत जाते. गावातली संक्रांत तिनं पहिल्यांदाच पाहिली. मास्तरांनी तिला फळ्यावर तारीख लिहायला सांगितली होती.

तुमची चतुरा

टाकळी, महाशिवरात्र

सगुणाच्या बाबांना,

लक्ष्मी सुखरूप पोचली. आठवा महिना आणि एवढा एस.टी.चा प्रवास, पाय सुजून आलेत, पण बरी आहे. बद्रीभावजी, काळजी करू नका. दगडाबाई रोज येऊन बघून जाते. मी लक्ष्मीला शेळीचं दूध देते, ती नाक मुरडते आणि पिते.

तुमचा निरोप तिनं सांगितला.

आल्या आल्या नाही सांगितला. आधी पाणी प्याली, करडं पाहिली, पाटीच्या अंगावरचा सदरा पाहून हसली. मग म्हणाली, "वैनी, भाऊजींनी एक निरोप दिलाय. म्हनले, शब्द न् शब्द सांग." आणि तिनं सांगितलं. मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

संक्रांतीचं पत्र वाचून झाल्यावर तुम्ही कोपीतून उठून गेलात म्हणे. जेवलाही नाहीत. सकाळी फडात मोळी बांधता बांधता तिला म्हणालात, "लक्ष्मीबाई, तिला सांगा, मी तसं मागितलं नाय. तिला मी तसा वाटलो व्हय? मी म्हनलं, काजळी सुखरूप वेऊ दे. माझ्या मागं एकटी हाय ती, तिचं गावात हसं होऊ देऊ नको. बास. एवढंच म्हनलं."

अहो, मग हे आधी का नाही सांगितलं? लक्ष्मी म्हणते, तुम्ही दोनदा भावजींना कागद घेऊन बसवलं. पण भोवती सगळी टोळी, 'सांग अर्ध्या, काय लिहायचं ते' म्हणून हसायची, आणि तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग तुम्ही म्हणायचे, राहू दे, नंतर.

मी कुडाच्या मागं जाऊन बसले. पाट येऊन पदर चघळायला लागली तरी तिला हाकललं नाही. तुम्ही मागं वळून पाहिलं नाही ते मी सगळ्या गावाला सांगितलं. आणि त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी देवापुढं बोलून आला होता, ते मला ठाऊकच नव्हतं. भांडताना केवढा आवाज चढतो तुमचा! मग हे एवढं एक वाक्य घरात हळू का होईना सांगता आलं नाही? लई राग आला आहे मला तुमचा. आणि लई बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

आता बघा काय झालं ते. काजळी सुखरूप व्याली. माझं हसं झालं नाही, उलट ज्या बाया हसत होत्या त्या आता अर्धलीनं शेळी मिळते का म्हणून मला विचारतात. म्हणजे देवानं आपलं काम केलं. नवस लागू झाला. बोकड म्हसोबाचा. भाभी पाट उचलणार. तुम्ही माझं वाईट मागितलं असतं तर पाट राहिली असती. तुम्ही माझं चांगलं मागितलं, म्हणून ती जाणार.

लक्ष्मी म्हणाली, "वैनी, हे तुला न् मलाच ठावं हाय. सांडूबाबाला सांग की, नवरा रागानं बोलला व्हता, नवस सुटला. कोन जाणार हाय विचारायला?"

खोटं कशाला सांगू, मी तसा विचार केला. म्हसोबाला नाही कळणार असं धरा, सांडूबाबाला नाही कळणार, भाभीलाही नाही. एक दिवस मी घातला या विचारात. पण लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याविषयी एवढं चांगलं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. एकदा ऐकलं, तर ते मीच गावापुढं नाही म्हणायचं? तुम्ही माझं वाईट चिंतलं, असं माझ्या तोंडानं सांगायचं? एका पाटीसाठी ते मला जमणार नाही. मी लक्ष्मीला सांगून टाकलं, पुन्हा हा विषय काढू नकोस.

सगुणाला अजून काही सांगितलेलं नाही. ती पाटीला अक्षरं शिकवते.

होळीला भाभी येईल. जे व्हायचं ते होईल.

कानाला फडकं बांधत जा.

तुमची चतुरा

टाकळी, धुळवड, १९८७

सगुणाच्या बाबांना,

काल भाभी आली. वहाबभाईंनी सायकलवरून पाणंदीपर्यंत सोडली. येताना सगुणासाठी खुलताबादचे पेरू घेऊन आली.

मी अंगण सारवून ठेवलं होतं. रीतीप्रमाणं वाटे केले. बोकडाला निंबाच्या बाजूला बांधलं, पाटीला चुलीच्या बाजूला. सदरा काढून घेतला, कारण सदरा वाट्यात नव्हता. मग म्हणलं, "भाभी, वाटे केलेत. पण तुला कळतंच, बोकड देवाचा हाय. तुझ्या कामाचा नाय. म्हणून तू पाट उचल. मी काय बी म्हननार नाय."

सगुणाला समजलं. ती आत गेली आणि कडी लावून घेतली. भाभीनं पाटीला उचललं, काखेत धरलं. पाट तिची ओढणी चघळायला लागली. मी काजळीच्या दाव्याची गाठ उगीच सोडत होते आणि बांधत होते. भाभी कुडापर्यंत गेली. तिथं थांबली आणि वळली.

"चतुरा, मालकाचा जवाब आला व्हय? मन्नत काय व्हती, ते तर तू सांगितलंच नाय."

मी सांगितलं. लक्ष्मी दारात बसली होती, तिनं तुमचे शब्द पुन्हा तसेच्या तसे सांगितले. काजळी सुखरूप वेऊ दे, हिचं हसं होऊ देऊ नको.

भाभीचा चेहरा बदलला. मला वाटलं हिला गहिवरून आलं. कशाचं काय, ती भडकली!

"बकरी कुनाची?" तिनं विचारलं.

"तुझी."

"मग माझ्या बकरीसाठी पुंजारामभाईनं मन्नत मानली, माझी बकरी वाचली, आन् बोकड एकट्या तुझ्या वाट्यातून जानार? मला काय फुकट खानारी समजलीस? त्या टायमाला बकरी मेली असती तर नुकसान माझं व्हतं. मन्नत दोघींची हाय. बोकड दोघींच्या वाट्यातून गेला."

मी म्हणलं, "मग?"

"मग काय? राहिली पाट. अर्धी तुझी, अर्धी माझी." तिनं पाटीला वर उचलून आधी पुढून पाहिलं, मग मागून पाहिलं. "आता अर्धी खुलताबादला कशी नेऊ? नेली तर कुठली अर्धी नेऊ? तोंडाकडची नेली तर चारायचं मला, शेपटीकडची नेली तर दूध मला."

लक्ष्मी पोट धरून हसायला लागली. मी तिला म्हणलं, अगं जपून, इथंच बाळंत होशील.

भाभीनं पाटीला माझ्या पायाशी सोडलं. "हिला तुझ्याकडंच राहू दे. व्याली की पहिल्या वेतातलं एक करडू माझं. मंग पाट पुरी तुझी, तिच्याकडं मी बघनार बी नाय." आणि बोट दाखवून म्हणाली, "पन देवाच्या बोकडाचं जेवन मला चालत नाय. कंदुरीच्या दिवशी माझ्यासाठी कोंबडी अलग ठेव. वहाब येईल, तो कापील. तिखट जास्ती घालू नको, मागल्या टायमाला जीभ भाजली व्हती."

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "सोड, सोड, शेनाचा हात हाय तुझा." आणि स्वतःच डोळे पुसले.

सगुणानं आतून कडी काढली. पाट उड्या मारत थेट घरात गेली आणि सदऱ्यावर जाऊन बसली. काल होळीच्या नैवेद्याची अर्धी पोळी तिनं पळवली. मी मारलं नाही.

आता कामाचं. सांडूबाबा म्हणतो, ज्यानं नवस बोलला त्यानंच तो फेडायचा, दुसऱ्याच्या हातानं फिटत नाही. त्यामुळं तुम्हाला यावंच लागेल. तोड संपली की कुणाच्या लग्नाला, कुणाच्या जत्रेला, वाटेत कुठंच उतरायचं नाही. थेट घरी. गावाला सांगून ठेवलं आहे. ज्या शेजारणी कुडामागून बोलत होत्या, त्यांनाही जेवायला बोलावलं आहे, आणि तुम्ही काय मागितलं होतं तेही मी वाढता वाढता सांगणार आहे. तुम्हाला लाज वाटली तर निंबामागं जाऊन बसा.

पुढच्या दसऱ्याचं मी आत्ताच बोलत नाही. दारात अजून एकच पाट आहे, तीही भाभीच्या करडाची देणेकरी. कदाचित अजून एक वर्ष तुम्हाला अर्धा कोयता म्हणून जावं लागेल. कदाचित नाही. आप्पासाहेब विचारत होते, त्यांच्याही दोन शेळ्या अर्धलीनं राखाल का म्हणून. मी म्हणलं, मालक आले की विचारून सांगते. खरं तर मी हो म्हणून टाकलं आहे.

सगुणाची परीक्षा गुढीपाडव्यानंतर आहे. ती म्हणते, बाबांनी मला शाळेत सोडायला यावं. तिला शाळेत सोडायला आजवर कुणी गेलंच नाही.

(भावजी, आता मोठ्यानं वाचा. सगळ्या टोळीला ऐकू जाऊ द्या.) येताना तुमचा कोयता तिथं कुणाला देऊन येऊ नका. बरोबर घेऊन या. खालचा पाला काजळीनं आणि पाटीनं संपवला आहे, बाभळीच्या वरच्या फांदीला माझा विळा पुरत नाही.

तुमची चतुरा